आम्लपित्ताची गोळी : तुलना कोणी करावयाची?

आम्लपित्ताचा त्रास हा घरगुती विषय समजला जातो. घशाशी आंबट आले, छातीत जळजळू लागले, की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जावयाचे, ‘पित्तावर काही तरी द्या’ म्हणावयाचे आणि दुकानदार जे देईल ते घेऊन यावयाचे. कधी तो गुलाबी पातळ औषधाची बाटली देतो, कधी पाण्यात फसफसणारी पुडी, कधी सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची गोळी. तिन्ही वस्तूंचे काम एकच, ‘पित्त मारणे’, अशी गिऱ्हाइकाची समजूत असते. त्यांतला फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो. तो सांगण्यात विकणाऱ्यांपैकी कोणाचेही हित नाही, हे या बाजाराचे पहिले वैशिष्ट्य होय. आणि म्हणूनच या विषयासाठी आपल्या साप्ताहिकात जागा मागण्याचे धाडस मी करीत आहे. महागाईविरुद्धच्या मोर्च्यात आपण डाळ, तेल आणि गॅस यांचे भाव फलकांवर लिहितो. औषधांचे लिहीत नाही. वस्तुतः आपल्या देशात आजारपणाचा फार मोठा खर्च कुटुंबाच्या खिशातूनच होतो, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांत सर्वांत मोठा वाटा औषधांचाच असतो.

प्रथम वस्तू ओळखून घेऊ. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात. अन्न पचविण्याच्या आणि अन्नाबरोबर आलेले जंतू मारण्याच्या कामी ते आवश्यकच असते. त्याचा उपद्रव होऊ लागला तर तीन ठिकाणी हस्तक्षेप करता येतो. कामगारांच्या अभ्यासवर्गात सांगावयाचे झाले तर असे म्हणता येईल की, कारखान्यातून बाहेर पडलेला माल नाहीसा करता येतो, माल काढण्याची वर्दी खात्यापर्यंत पोहोचू न देता अडविता येते, किंवा यंत्रच बंद पाडता येते. बाजारातील तीन जाती या तीन युक्त्यांच्या आहेत.

पहिली जात सर्वांत जुनी. जेल्युसिल, डायजीन वगैरे नावांनी मिळणाऱ्या बाटल्यांत व चघळण्याच्या गोळ्यांत मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांची हायड्रॉक्साइडे असतात. ती पोटातील आम्लाशी संयोग पावून त्याचा जोर मोडतात. अ‍ॅल्युमिनियमने बद्धकोष्ठ होते, मॅग्नेशियमने पोट सैल होते. म्हणून दोहोंची जोडी बांधलेली असते. गुण काही मिनिटांत येतो. रिकाम्या पोटी घेतल्यास तो अर्धा-एक तास टिकतो, जेवणानंतर घेतल्यास दोन-तीन तासही टिकतो. एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतर किंवा रात्रपाळीत तेलकट खाल्ल्यावर होणाऱ्या जळजळीला यापेक्षा अधिक काही लागत नाही. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने ही औषधे स्वतःच्या मनाने नित्य घेऊ नयेत. आणि लोहाच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी किंवा काही प्रतिजैविके चालू असतील तर त्यांच्याबरोबर ती घेतल्यास मूळ औषध अंगी लागत नाही. मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते. रक्तक्षयाने त्रासलेल्या बाईला एका हाताने लोहाची गोळी आणि दुसऱ्या हाताने पित्ताची बाटली देणारे दवाखाने अनेकांनी पाहिले असतील. औषध व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये आम्लशामकांची गणना घरगुती औषधांत केलेली असून, एक हजारापर्यंत वस्ती असलेल्या आणि परवानाधारक औषधविक्रेता नसलेल्या खेड्यात ती किराणा दुकानातही विकता येतात. ही सवलत योग्यच आहे.

याच जातीतील फसफसणाऱ्या पुडीची कथा थोडी वेगळी. १८५० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जेम्स क्रॉसली ईनो नावाचा औषधविक्रेता ‘फ्रूट सॉल्ट’ विकू लागला. पुढे ते बंदराबंदरांतून जगभर गेले. त्यात आहे काय? प्रामुख्याने खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. पाण्यात पडताच दोहोंची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पिणाऱ्याला ढेकर येते. ढेकर आली म्हणजे पित्त गेले, असे आपल्याकडे मानतात. भारतात हेच चूर्ण आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊन विकले जाते; वेष्टनावर सोड्याला ‘स्वर्जिकाक्षार’ आणि सायट्रिक आम्लाला ‘निंबुकाम्ल’ असे म्हटलेले असते. आयुर्वेदाशी माझे भांडण नाही. परंतु बहुराष्ट्रीय भांडवलाला संस्कृत किती चटकन येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, खायच्या सोड्याच्या वजनाचा चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग सोडियमचा असतो. पाच ग्रॅमच्या पुडीत निम्मा सोडा धरला तरी सहाशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम एका घोटात पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाची मर्यादा दोन हजार मिलिग्रॅमची सांगितली आहे. रक्तदाब असलेला माणूस जेवणातले मीठ कमी करतो, लोणचे वर्ज्य करतो आणि रोज संध्याकाळी पुडी फोडतो. जाहिरातीत सहा सेकंदांत आराम मिळतो असे सांगतात. सोडियमचा हिशेब कोणी सांगत नाही.

दुसऱ्या जातीपासून खरे अर्थकारण सुरू होते. पेशीला आम्ल स्रवण्याचा निरोप देणाऱ्या द्रव्यांपैकी हिस्टामिन हे प्रमुख. त्याची वाट अडविणारा रेणू शोधण्याचे काम जेम्स ब्लॅक यांनी स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीच्या इंग्लंडमधील प्रयोगशाळेत १९६४ पासून आरंभिले. १९७६ मध्ये सिमेटिडीन ब्रिटनच्या बाजारात आले. तोवर जठरव्रणाचा रोगी म्हणजे वर्षानुवर्षे दूधभात आणि शेवटी शस्त्रक्रिया, असा प्रकार होता. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते यथार्थच होते. भांडवलशाही काहीच निर्माण करीत नाही असे म्हणणाऱ्या साथींनी हे उदाहरण विसरू नये. आणि तिची स्तुती करणाऱ्यांनी त्यापुढचे विसरू नये. १९८१ मध्ये ग्लॅक्सो कंपनीने रॅनिटिडीन आणले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे दुसरा विक्रेता आला की भाव उतरावयास हवा. ग्लॅक्सोने आपले औषध सिमेटिडीनपेक्षा महाग ठेवले, त्याच्या श्रेष्ठतेचा डॉक्टरांमध्ये जोरदार प्रचार केला आणि काही वर्षांतच ते जगातील सर्वाधिक खपाचे औषध बनविले. त्यात काही गुण अधिक होते, इतर औषधांशी त्याचा संघर्ष कमी होता, हे मान्य. पण महाग म्हणजे उत्तम, ही रुग्णाची आणि डॉक्टरची समजूत हेच येथे मुख्य भांडवल होते.

आपल्याकडे रॅनटॅक, असिलॉक, झिनेटॅक या नावांनी हेच रॅनिटिडीन दोन पिढ्यांनी घेतले. गोळी स्वस्त आणि गुणकारी. तासाभरात गुण, दहा-बारा तास परिणाम. सलग घेत राहिल्यास आठवड्या-दोन आठवड्यांत तिचा जोर मात्र कमी होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषधप्रशासनाने जाहीर केले की, रॅनिटिडीनच्या काही नमुन्यांत एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य आढळले आहे. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, त्याचे प्रमाण वाढते असेही दिसून आले. आणि एप्रिल २०२० मध्ये त्या प्रशासनाने सर्व रॅनिटिडीन बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारतात सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतून रॅनिटिडीन वगळण्यात आले, परंतु विक्री बंद झाली नाही. म्हणजे शासनाच्या लेखी ते आवश्यक नाही आणि त्याज्यही नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली असलेल्या खेड्यातील दुकानात उष्णतेने बिघडणाऱ्या औषधाचे काय होत असेल, हा प्रश्न खरे तर आपल्या प्रयोगशाळांनी स्वतःहून विचारावयास हवा होता. त्याच जातीचे फॅमोटिडीन उपलब्ध आहे, त्यावर हा आरोप नाही, आणि तेही महाग नाही. तरी चिठ्ठीवर ते क्वचित दिसते.

तिसरी जात यंत्र बंद करणाऱ्यांची : ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. ओमेप्राझोल स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रा कंपनीने १९८८ मध्ये लोसेक या नावाने आणले. या औषधांचा प्रभाव सर्वांत दीर्घ. पण तो पूर्णपणे जाणवण्यास तीन-चार दिवस लागतात, आणि गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घेतली तरच नीट लागू पडते. जळजळ सुरू झाल्यावर तोंडात टाकावयाची ही वस्तूच नव्हे. दुकानदार मात्र ती तशीच देतो. पँटोप्राझोलच्या वेष्टनावर डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नये असा इशारा छापलेला असतो, आणि खुल्या विक्रीत तिचा खप चाललेला असतो. ‘रोज सकाळी एक’ असे सांगून दिलेली ही गोळी वर्षानुवर्षे घेणारी माणसे आमच्या पिढीत घरोघर आहेत. ती का चालू आहे, हे त्यांना विचारले तर डॉक्टरांनी दिली होती, एवढेच सांगता येते. कोणत्या साली, ते सांगता येत नाही.

ओमेप्राझोलचे पेटंट अमेरिकेत २००१ मध्ये संपावयाचे होते. त्याच वर्षी, अ‍ॅस्ट्रा-झेनेका बनलेल्या त्या कंपनीने इसोमेप्राझोल बाजारात आणले. हा नवा रेणू म्हणजे जुन्या औषधातील दोन प्रतिबिंबरूप घटकांपैकी एक. नव्याची सरशी दाखविणाऱ्या प्रमुख चाचण्यांत नवे औषध ४० मिलिग्रॅम आणि जुने २० मिलिग्रॅम अशी तुलना होती. दुप्पट मापाच्या वस्तूने एकपट मापाच्या वस्तूवर थोडीशी मात केली, आणि त्या आधारावर जांभळी गोळी अब्जावधी डॉलरची झाली. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये याच कंपनीला सहा कोटी युरोंचा दंड ठोठावला. पेटंट कार्यालयांची दिशाभूल करणे आणि डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन येथे जुन्या लोसेक कॅप्सूलची नोंदणीच काढून घेऊन प्रतिस्पर्ध्यांची वाट अडविणे, हे आरोप होते. न्यायालयात दंड थोडा कमी झाला, परंतु २०१२ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठाने मूळ निष्कर्ष कायम केला. हे सारे सार्वजनिक दप्तरात आहे. मक्तेदारीविषयी आपण जे बोलतो त्याला पोकळ घोषणा म्हणणाऱ्यांनी ते वाचावे.

भारतात चित्र निराळे का राहिले? १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. या कायद्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट नाकारून केवळ प्रक्रियेवर आणि तेही अल्प मुदतीचे पेटंट ठेवले. त्यामुळे ओमेप्राझोल आपल्या कारखान्यांनी आपल्या पद्धतीने तयार केले आणि ते येथे लौकर व स्वस्त मिळाले. २००५ च्या दुरुस्तीने ती वाट बुजली. १९७५ च्या हाथी समितीने याच्या पुढे जावयास सांगितले होते : टोपणनावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, बहुराष्ट्रीय कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे, सार्वजनिक क्षेत्राने अग्रभागी राहावे. त्या अहवालाचे काय झाले हे येथे पुन्हा उगाळत बसत नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची निर्गुंतवणूक आणि आयडीपीएल बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला, एवढे नोंदवितो.

आता आजच्या किंमतींकडे येऊ. ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क, बडोद्याची लोकॉस्ट आणि इतर संघटनांनी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या रेट्यामुळे अत्यावश्यक औषधे किंमतनियंत्रणाखाली आली. परंतु २०१३ च्या आदेशाने कमाल किंमत ठरविण्याची रीतच बदलली. पूर्वी उत्पादनखर्च पाहून त्यावर मर्यादित नफा देत. आता बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असणाऱ्या ब्रँडांच्या किंमतींची सरासरी काढतात आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के चढवितात. ज्यांनी भाव चढविले त्यांच्याच भावांची सरासरी म्हणजे नियंत्रण! सूचीबाहेरच्या औषधांची किंमत तर दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढविण्याची मुभा आहे. साहजिकच कंपनीची सर्व बुद्धी सूचीतून बाहेर कसे राहावे यात खर्च होते. ओमेप्राझोल सूचीत आहे. रॅबेप्राझोल नाही, इसोमेप्राझोल नाही. आणि या गोळीत उलटीवरचे डॉम्पेरिडोन मिसळले की ते मिश्रणही सूचीत नाही. आपल्याकडे पित्तावरच्या चिठ्ठीत या मिश्रणांचे जे माजलेले रान दिसते त्याचे एक कारण हे आहे. डॉम्पेरिडोनचा हृदयाच्या लयीवर विपरीत परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषधसंस्थेने २०१४ मध्ये ते केवळ मळमळ-उलटीसाठी, कमीत कमी मात्रेत आणि साधारणतः एका आठवड्यापलीकडे न देण्याचे बंधन घातले. आपल्याकडे ते पित्ताच्या गोळीचे अंगरखे घालून महिनोन्‌महिने पोटात जाते. ज्याला मळमळ नाही त्यालाही.

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिलेला निबंध आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत असू. रुग्ण आणि वैद्य यांच्या ज्ञानात इतके अंतर असते की येथे सामान्य बाजाराचे नियम लागू होत नाहीत, हे त्यातील मर्म. भाजीच्या बाजारात घेणारा, खाणारा आणि पैसे देणारा एकच असतो. येथे निवड करतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण, आणि डॉक्टरचे मन वळविण्यासाठी खर्च करते कंपनी. तो खर्चही शेवटी किंमतीतच धरलेला असतो. तुलना करू शकणारा पैसे देत नाही, पैसे देणारा तुलना करू शकत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या आरंभी डॉक्टरांनी मूळ नावाने औषधे लिहावीत असा नियम काढला आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला. त्यावर डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप होता की मूळ नावाच्या औषधांचा दर्जा तपासला जात नाही. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. दर्जाची तपासणी दुबळी आहे. परंतु ती ब्रँडच्या औषधांचीही दुबळीच आहे, आणि तिच्यावरचा उपाय तपासनीस वाढविणे व प्रयोगशाळा उभारणे हा होय. मार्च २०२४ च्या औषधविपणन संहितेत डॉक्टरांना भेटी देण्यास मनाई आहे. पण तक्रार करावयाची ती कंपन्यांच्याच संघाच्या समितीकडे!

येथवर किंमतीचे झाले. प्रश्न गरजेचाही आहे. जठरव्रणाच्या बहुसंख्य रोग्यांत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा हात असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात दाखवून दिले. मार्शल यांनी त्यासाठी १९८४ मध्ये स्वतः जंतूंचे मिश्रण पिऊन पाहिले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. एक-दोन आठवड्यांची प्रतिजैविके दिली की व्रण कायमचा बरा होऊ शकतो. आजन्म गिऱ्हाईक असलेला रोगी पंधरा दिवसांत बरा होतो, ही बातमी आम्लशामक विकणाऱ्यांना आनंदाची कशी वाटावी? दुसरी गोष्ट डेन्मार्कमधील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाची. कोणताही त्रास नसलेल्या १२० स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिले आणि मग बंद केले. बंद केल्यानंतर त्यांतील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट येणे असे त्रास झाले. ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे गोळी सोडताच होणारा त्रास गोळीनेच निर्माण केलेला असू शकतो. तो काही आठवड्यांत शमतो, पण रुग्ण दुसऱ्याच दिवशी पुन्हा दुकानात गेलेला असतो. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम घटणे, वृद्धांत अस्थिभंगाचा धोका, क्वचित मूत्रपिंडाला सूज, असे संबंध नोंदलेले आहेत. म्हणून ज्यांना ती खरोखर लागते त्यांनी घाबरून सोडू नये. रक्त पातळ करण्याच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्करांत, अन्ननलिकेला जखमा झालेल्यांत ती जीव वाचविते. प्रश्न ज्यांना ती कारणावाचून चिकटली आहे त्यांचा आहे.

आणि एक धोका आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन सांगितला पाहिजे. छातीतील जळजळ म्हणून पुडी घेऊन झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, असे घडते. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा पित्तासारखाच भासतो. घाम, दम लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी जोड असेल तर पुडी नव्हे, रुग्णालय. काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारणावाचून वजन उतरणे, यांवरही दुकानदाराचे औषध नाही.

कष्टकऱ्यांच्या वस्तीत पित्त एवढे का, याचेही उत्तर गोळीत सापडणार नाही. ऊसतोडीच्या फडात पहाटे चहावर निघालेली बाई दुपारपर्यंत उपाशी असते, आणि कंबर धरली की वेदनाशामक गोळी घेते. वेदनाशामकांनी जठराच्या अस्तराला इजा होते. मग त्यावर पित्ताची गोळी. वर तंबाखूची मशेरी. कंत्राटी कामगाराच्या बारा तासांच्या पाळीत जेवणाची सुटी नावापुरती असते. पिशवीभर गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरने तिला ‘वेळेवर जेवत जा’ असे सांगणे हे ऐकणाऱ्याला क्रूर विनोदासारखे वाटते. कारण जेवणाची वेळ मुकादमाच्या हातात असते. कोकमाचे सार, थंड दूध, आवळा हे आपले घरगुती उपाय घटकाभर बरे वाटवितात, दूध तर थोड्या वेळाने आम्ल वाढवितेही. तेव्हा त्यांचाही अतिरेकी अभिमान नको.

महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने गेली अनेक वर्षे विवेकी औषधवापराचे काम केले आहे. त्यांना आपल्या शाखांनी अभ्यासवर्गासाठी बोलवावे. प्रत्येक तालुका शाखेने एक साधे काम या तिमाहीत करावे : गावातील तीन दुकानांतून आणि जवळच्या जनऔषधी केंद्रातून ओमेप्राझोल २० आणि पँटोप्राझोल ४० यांच्या पट्ट्यांवरील छापील किंमती उतरवून घ्याव्यात, दर गोळीचा भाव काढावा आणि तो कार्यालयाच्या फळ्यावर लिहावा. एकाच औषधाच्या भावात कित्येक पटींचा फरक दिसेल. त्याच फळ्यावर डॉम्पेरिडोनच्या मिश्रणाचा भावही लिहावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात यांपैकी कोणते औषध त्या दिवशी शिल्लक होते आणि कोणते ‘बाहेरून आणा’ म्हणून सांगितले, याची नोंद तारखेसह ठेवावी. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीसमोर निवेदन घेऊन जाताना ही नोंदवही बरोबर असावी. आणि मागण्यांत दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात : ओमेप्राझोलच्या जातीतील सर्व औषधे व त्यांची मिश्रणे किंमतनियंत्रणाखाली आणून कमाल किंमत पुन्हा उत्पादनखर्चावर ठरवावी, आणि पट्टीवर औषधाचे मूळ नाव देवनागरीत, ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे.